काळीत घर बांधलं, पण पाणी कुठं जिरवायचं?



दरवेळी हळद, सोयाबीन, वाफसा यावर लिहितो. आज संडासाच्या टाकीवर लिहितोय. हसू नका. आपल्या हट्ट्याच्या शिवारात गेल्या दहा-पंधरा वर्षांत वावरात, रस्त्याच्या कडेला किती घरं झाली ते बघा. आणि त्यातल्या किती घरांमागं श्रावणात काळं पाणी तुंबतं तेही बघा. माझ्याही घरामागं तुंबलं होतं. ते का तुंबलं हे शोधताना बराच जुना इतिहास हाती लागला. तो सांगतो, कारण पुढच्या वर्षी घर बांधणाऱ्याला त्याचा उपयोग होईल.

आपल्या जुन्या लोकांनी गावाचे दोन भाग केले होते, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. त्रिंबक नारायण आत्रे यांचं १९१५ सालचं 'गावगाडा' ज्यांनी वाचलंय त्यांना हे शब्द ओळखीचे असतील. जुन्या कागदपत्रातही ते सापडतात. पांढरी ही बहुतेक उंचवट्यावर असायची. पिढ्यान् पिढ्या राख, शेण, पडक्या भिंतींची माती साचून ती फिकट आणि भुसभुशीत झालेली. याच मातीनं भिंती उभ्या राहायच्या, माळवदावर तीच पडायची. ओसाड गावाच्या पांढरीची माती लोक गाड्या भरभरून वावरात खत म्हणून टाकायचे, हे आमच्या आबांनी केलेलं काम आहे.

काळीत मात्र घर बांधायचं नाही, हा अलिखित नियम होता. कारण आपण सगळे जाणतो. उन्हाळ्यात काळीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच फुगून बसते. भिंत असली तर भिंत फुटते. जात्यावर, चुलीपाशी, न्हाणीत जे थोडंफार पाणी सांडायचं ते पांढरी पिऊन टाकायची. संडास घरात नव्हताच. बायामाणसं अंधारात उठून हागणदारीकडं जायची. त्यात किती हाल होते ते आपल्या आयांना विचारा. पण जमिनीच्या बाजूनं बघितलं तर काळीवर घरातलं पाणी जिरवायची वेळच आली नव्हती.

आता गावठाण पुरेना. भाऊ वेगळे झाले, ट्रॅक्टर दारात लावायला जागा पाहिजे, म्हणून आपण पांढरी सोडून काळीत आलो. घर आलं, नळ आला, मोटार आली, न्हाणीत शॉवर आला. जमीन बदलली, पाणी दहापट झालं, आणि टाकी मात्र मिस्त्रीनं बांधली ती सगळीकडं बांधतात तशीच.

ही टाकी मुळात आली कुठून? फ्रान्समधल्या वेसूल गावी मुरास नावाच्या माणसानं १८६० च्या सुमारास घरच्या मैलापाण्यासाठी एक बंद टाकी बांधली. काही वर्षांनी उघडून बघितली तर गाळ अगदी थोडा, बाकी सगळं पाणी. १८८१ साली त्यानं तिचं पेटंट घेतलं. पुढं इंग्लंडमधल्या एक्सेटर शहराचा सर्व्हेअर डोनाल्ड कॅमेरॉन यानं १८९५ साली अशीच मोठी टाकी करून तिला 'सेप्टिक टँक' हे नाव दिलं. ते नाव जगभर चाललं. आपल्याकडंही ती लवकर आली. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली टाक्यांतला गॅस गोळा करून त्यावर दिवे लावले होते. म्हणजे गोबरगॅसचं मूळ आपल्या राज्यातच सापडतं.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. टाकी पाणी संपवत नाही. जड घाण खाली बसते, तेलकट साय वर राहते, मधलं पाणी पुढं सरकतं. जेवढं पाणी आत जातं तेवढंच बाहेर येतं, आणि बाहेर येणाऱ्या पाण्यात रोगाचे जंतू असतातच. ते पाणी गाळायचं, जंतू मारायचं खरं काम टाकीच्या पुढची माती करते. म्हणून टाकीचा इतिहास अर्धाच आहे. उरलेला अर्धा मातीचा आहे, आणि तो अर्धा आपण विसरलो.

माझी गोष्ट सांगतो. चार वर्षांपूर्वी वावरात घर बांधलं. आम्ही घरात सहा माणसं. मिस्त्रीनं टाकी बांधली, पुढं चार फूट रुंद, आठ फूट खोल गोल शोषखड्डा घेतला, दगड भरले, वर फरशी टाकली. काम मे महिन्यात झालं. मी खड्ड्यात टँकरचं पाणी सोडून बघितलं, तर बघता बघता गायब. मिस्त्री म्हणाला, "दादा, बघा, कसं पितंय! तुमच्या नातवापर्यंत बघायचं काम नाही."

ऑगस्टमध्ये संडासाच्या भांड्यातून बुडबुडे यायला लागले. न्हाणीतलं पाणी उलटं यायला लागलं. खड्ड्याची फरशी उचलली तर खड्डा काठोकाठ भरलेला. माय म्हणाली, "यापेक्षा हागणदारी बरी होती." तिचे गुडघे दुखतात म्हणून तर घरात संडास केला होता.

मिस्त्रीला बोलावलं. त्यानं उपाय सांगितला तो ऐका, कारण हा उपाय आपल्या भागात सर्रास सांगितला जातो. "तुमचा तो जुना कोरडा बोअर आहे ना, त्यात पाइप सोडून देऊ. जन्मभर भरायचा नाही." खर्चही काहीच नव्हता. मी जवळजवळ तयार झालो होतो. आबा बाजेवर बसून ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, "आरं, विहिरीत कुणी हागतं का?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्याकडं वर काळी, खाली मुरूम, त्याखाली काळा दगड. दगडातलं पाणी फटींमधून चालतं. काळी माती पाणी गाळते, पण हळू. मुरूम थोडंफार गाळतो. दगडातली फट मात्र काहीच गाळत नाही. कोरड्या बोअरमधे सोडलेलं मैलापाणी कोणत्या फटीतून कुणाच्या बोअरला लागेल हे सांगता येत नाही. आमची पिण्याची विहीर तिथून दोनशे फुटांवर, आणि शेजाऱ्याचा बोअर त्याच्याही अलीकडं. बोअरचा विचार तिथंच सोडला आणि मग वाचायला लागलो.

पहिली गोष्ट सापडली ती म्हणजे मे महिन्यातली माझी चाचणीच खोटी होती. पाणी माती पीत नव्हती, भेगा पीत होत्या. काळीतली चिकणमाती पाणी धरून फुगते, भेगा बुजतात, आणि मग पाणी जायला वाटच राहत नाही. पाऊस लागून आठ दिवस झाल्यावर वावरात पाणी कसं साचून राहतं, पीक कसं पिवळं पडतं, हे आपण दरवर्षी बघतो. पूर्णेच्या कालव्याखालची चिभडलेली रानं आपल्या तालुक्यात कमी नाहीत. तरी तेच वावर आठ फूट खोदलं की पाणी पिईल असं आपण धरून चालतो.

माती किती पाणी पिते हे मोजायची पद्धत अमेरिकेत १९२० च्या दशकात हेन्री रायन या न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातल्या इंजिनिअरनं बसवली. आपल्या भारतीय मानकातही ती आहे. आय.एस. २४७० हे सेप्टिक टाकीचं मानक, त्याचा दुसरा भाग टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर आहे, १९८५ साली सुधारलेला. पद्धत सोपी आहे. जिथं पाणी जिरवायचं तिथं, तेवढ्याच खोलीवर, वीतभर रुंद खड्डा घ्यायचा. तळाला थोडी बारीक खडी टाकायची. आणि महत्त्वाचं म्हणजे आधी तो पाण्यानं भरून रात्रभर भिजू द्यायचा, म्हणजे माती फुगायची तेवढी फुगून घेते. दुसऱ्या दिवशी पाणी भरून मोजपट्टी लावायची. २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच, पाणी उतरायला किती मिनिटं लागतात ते बघायचं.

३० मिनिटांच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालतो. ३० ते ६० मिनिटं लागली तर खोल खड्डा नको, उथळ लांब चर घ्या. ६० मिनिटांच्या वर गेलं तर मानक म्हणतं की ही जमीन नुसतं पाणी जिरवण्याच्या कामाची नाही, टाकीनंतर गाळणी बसवा. मी भिजवून चाचणी घेतली. तासाभरात पाणी जेमतेम पाच मिलिमीटर उतरलं. म्हणजे एक इंचाला पाच तास. माझ्या वावरानं सरळ उत्तर दिलं होतं, मी विचारलंच उशिरा.

दुसरी गोष्ट हिशोबाची. दोन खड्ड्यांच्या संडासाची जी तांत्रिक मार्गदर्शक माहिती आपल्या देशात तयार झाली, तिच्यात मातीप्रमाणं आकडे दिलेत. एक चौरस मीटर भिंत दिवसाला किती लिटर पाणी पिते? वाळूची माती ५० लिटर. पोयट्याची वाळूसर माती ३०. सच्छिद्र चिकण पोयटा २०. घट्ट, न फुगणारी चिकणमाती १०. आणि आपली फुगणारी काळी १० पेक्षाही कमी.

आता माझा खड्डा बघा. चार फूट रुंद आणि आठ फूट खोल म्हणजे आतली भिंत साधारण ९ चौरस मीटर. गोदावरीकाठच्या वाळूसर मळईत हाच खड्डा दिवसाला ४५० लिटर प्यायला असता. माझ्या काळीत ९० सुद्धा नाही. आणि आमच्या घरातून पाणी किती निघतं? बादलीनं पाणी टाकलं तर संडासाचं माणशी १० लिटर धरा, सहा माणसांचं ६०. आंघोळ, धुणं, भांडी धरली तर सगळं मिळून साडेतीनशेच्या घरात. साडेतीनशे ओतायचं आणि नव्वद प्यायचं, मग खड्डा तुंबणार नाही तर काय होईल? मिस्त्रीचा खड्डा चुकीचा नव्हता, तो दुसऱ्या मातीचा होता. त्यानं नदीकाठी शंभर खड्डे केले असतील आणि सगळे चालले असतील.

तिसरी गोष्ट माणसांची. आपल्या राज्यात या कामात ज्यांनी आयुष्य घातलं त्यांच्याकडं बघा. कोकणात आप्पासाहेब पटवर्धन. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम करायची परवानगी मागितली, ती मिळेना म्हणून अन्न कमी केलं, आणि त्यांच्यासाठी गांधीजींनीही येरवड्यात उपवास धरला. हे काम एका जातीच्या डोक्यावरून उतरावं हा त्यांचा ध्यास. पुढं १९४८ साली कणकवलीला गोपुरी आश्रम उभा करून त्यांनी असे संडास केले की मैला आलटून पालटून भरायचा, वर माती-पाला टाकायचा आणि कुजल्यावर खत म्हणून शेतात न्यायचा. त्यात पाणी कमीच. जे आहे त्याचं खत करायचं, पाण्यानं वाहवून लावायचं नाही.

देहूला डॉ. मापुसकर १९६० च्या आसपास सरकारी दवाखान्यात आले. जंताचे, हगवणीचे तेच तेच रोगी परत परत यायचे, म्हणून त्यांनी गावात संडास बांधायला सुरुवात केली. सुरुवातीचे संडास पावसात ढासळले आणि लोक पुन्हा शेतात जायला लागले. डॉक्टरांनी हार मानली नाही. आप्पासाहेबांकडं गेले, त्यांची रचना समजून घेतली, गावाच्या जमिनीला जमेल तसे बदल केले, पुढं मैल्यावर चालणारा बायोगॅसही केला. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मला त्यांच्या पद्मश्रीपेक्षा ते ढासळलेले संडास जास्त जवळचे वाटतात. एवढ्या मोठ्या माणसाचंही पहिलं काम पावसानं पाडलं होतं.

आणि शेजारीच, नांदेड जिल्ह्यातलं हिमायतनगर तालुक्यातलं टेंभुर्णी. तिथं घरोघर सांडपाण्याचे शोषखड्डे घेऊन नाल्या कोरड्या केल्या, डास गेले, आणि पुढं तो 'नांदेड पॅटर्न' म्हणून रोजगार हमीतून राज्यात गाजला. पण नीट बघा, ते खड्डे न्हाणी-मोरीच्या पाण्याचे आहेत, संडासाच्या टाकीचे नाहीत. दोन्ही पाणी वेगळं ठेवायचं, हा त्यातला खरा धडा. आपण नाव घेतलं, धडा सोडला.

सरकारी मोहिमांबद्दल एकच बोलतो. २००० साली सुरू झालेलं संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आपल्या गावांना खरोखर हलवून गेलं. २०१४ नंतर स्वच्छ भारतमधे १२ हजार रुपये मिळाले, घरोघर संडास झाले. चांगलंच झालं. पण खड्डा वाळूत असो की काळीत, रक्कम तीच आणि फोटो तोच. माती तपासायचा रकाना अर्जात नव्हता. पिकाला खत टाकायच्या आधी आपण माती परीक्षण करतो, पत्रिका घेतो. घरासाठी ती करायची हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही, माझ्याही नाही.

मग मी काय केलं ते सांगतो. जसं केलं तसं, नफा-तोट्यासहित.

एक. न्हाणीचं आणि भांड्याचं पाणी टाकीतून काढलं. ते आता जाळीतून गाळून केळी, कर्दळ आणि आळूच्या वाफ्यात जातं. नुसत्या या एका कामानं टाकीवरचा बोजा साडेतीनशेवरून साठ लिटरवर आला.

दोन. टाकीच्या पुढं मानकात सांगितलेली गाळणी बांधली. पाणी खालून शिरतं, खडीच्या थरातून वर चढतं, वरून बाहेर पडतं. खडीवर जीवाणूंचा थर बसतो आणि तो घाण खातो.

तीन. खोल खड्डा बंद केला. त्याऐवजी दोन उथळ चर घेतले, तेही जमिनीच्या वर मुरमाचा भराव करून, म्हणजे पावसाळ्यात पाणी साचलेल्या काळीत ते बुडत नाहीत. माथ्याला उतार दिला, पावसाचं पाणी बाजूला जातं. एक चर सहा महिने चालवायचा, दुसऱ्याला विश्रांती.

चार. टाकीच्या भिंतीभोवती काळी माती परत लोटली नाही, फूटभर मुरूम भरला. ही अक्कल कालव्याच्या इंजिनिअरांची. मुंबईच्या आय.आय.टी.तले प्राध्यापक कट्टी यांनी काळीतल्या कालव्यांची अस्तरं फुटू नयेत म्हणून मधे न फुगणाऱ्या मातीचा थर द्यायची पद्धत बसवली, कर्नाटकात मलप्रभेच्या कालव्यावर ती वापरली गेली. दोन खड्ड्यांच्या संडासालाही काळीत भोवती ३०० मिलिमीटर वाळू-खडीचा थर सांगितलेला आहे, कारण तोच.

पाच. पिण्याच्या पाण्यापासून चर लांब घेतले. मानक किमान १८ मीटर म्हणतं. खाली फटीचा दगड असला तर मी म्हणतो जेवढं लांब जाता येईल तेवढं जा, आणि विहिरीच्या उतारावरच्या अंगाला कधीच नको.

तीन पावसाळे गेले. भांड्यातून पाणी उलटं आलं नाही. पण खोटं बोलणार नाही, भर ऑगस्टमधे झडीचा पाऊस लागला की चर ओलाच राहतो, वर पाय टेकवत नाही. त्या आठवड्यात पाहुणे आले तर मी पाण्यावर लक्ष ठेवतो. काळी ती काळीच. तिच्यापुढं आपलं काही चालत नाही, तिच्याशी जुळवून घ्यावं लागतं.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. प्लॅस्टिकची तयार टाकी बसवणार असाल तर ती पावसाळ्यात कधी रिकामी ठेवू नका, ओल्या काळीत ती होडीसारखी वर येते. आणि टाकी साफ करायला माणूस आत उतरवू नका, कितीही ओळखीचा असला, कितीही पैसे मागत असला तरी. आतल्या गॅसनं माणूस क्षणात जातो, आणि २०१३ च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हाही आहे. सक्शनची गाडी बोलवा. आप्पासाहेबांनी ज्यासाठी तुरुंगात अन्न सोडलं, ते काम आपण आपल्या अंगणात परत सुरू करायचं नाही.

तो कोरडा बोअर मी वर सिमेंटचं टोपण करून बंद केला. आबा मागच्या वर्षी गेले. विहिरीचं पाणी आजही आम्ही पितो.

घर बांधायचं ठरलं असेल तर नकाशा काढायच्या आधी, पाया खोदायच्या आधी, एक वीतभर खड्डा घ्या. पावसाळ्यात घेता आला तर उत्तम, उन्हाळ्यात घेतला तर रात्रभर भिजवून. पाणी भरा, घड्याळ लावा आणि बसा. तुमच्या वावराचा आकडा किती मिनिटांचा आला तो मला कळवा. आपल्या शिवारात कुठं काळी खोल आहे, कुठं मुरूम वर आलाय, हे मी लिहून ठेवतोय. पुढच्याला कामाला येईल.